ख्रिस्ताचा पाईक

आठवड्याच्या बाजारात पांढऱ्या गणवेशातील एक वयस्क गृहस्थ आमच्या वसतिगृहातील मुलांना नेहमी दिसतात. कॉलरवर इंग्रजी ‘एस’ हे अक्षर, खांद्यावर पट्ट्या आणि हातात मात्र भाजीची पिशवी. ते मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, मेजर आहेत असे मी सांगितले तेव्हा माझ्या खोलीतील मित्र म्हणाला, “दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या गुरूच्या लोकांना फौज कशाला रे लागते?” मी ख्रिस्ती असल्यामुळे उत्तर माझ्याजवळ तयार असणार असे त्याने गृहीत धरले होते. ते तयार नव्हते. लहानपणापासून उपासनेत ‘ख्रिस्ताचा शिपाई’ हे शब्द ऐकत आलो, पण त्यांचा अर्थ काय असे कधी कोणाला विचारले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक अल्पसा प्रयत्न होय.

मित्राचा प्रश्न रास्त आहे हे प्रथम कबूल केले पाहिजे. गेथशेमाने बागेत येशूला धरावयास लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली आणि एका दासाचा कान छाटला. येशूने त्याला तलवार म्यानात घालावयास लावली, आणि लूकाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्या दासाचा कान बराही केला. ख्रिस्ताच्या बाजूने उपसलेली पहिली तलवार ख्रिस्तानेच परत ठेवावयास लावली. पुढे त्याला क्रुसावर खिळणारे हात होते तेही रोमन शिपायांचेच. असे असता ख्रिस्ती माणसाने शिपायाची उपमा अंगावर का घ्यावी?

ही उपमा आली ती मुख्यतः संत पौलाच्या पत्रांतून. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने सबंध शस्त्रसामग्रीच मांडली आहे. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची सिद्धता, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि शेवटी आत्म्याची तलवार. हा उतारा आम्ही रविवारच्या शाळेत पाठ केला होता. यंदा तो पुन्हा सावकाश वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, ती पूर्वी आली नव्हती. या यादीतील पाच वस्तू अंगाचे रक्षण करणाऱ्या किंवा पाय घट्ट रोवून उभे राहण्याच्या आहेत. मारण्याची वस्तू काय ती एकच, तलवार. आणि तीही पौलाच्या मते देवाचे वचन आहे. म्हणजे या सामग्रीने कोणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठत नाही. शिवाय झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही हे त्याने सामग्री मांडण्यापूर्वीच बजावून ठेवले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे पत्र लिहिणारा स्वतः बेडीत आहे. आपण साखळदंडातील वकील आहोत असे तो त्याच अध्यायात सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात तर असे आहे की, रोम शहरात त्याला एका शिपायाच्या पहाऱ्यात राहण्याची मुभा मिळाली होती. म्हणजे शिपाई ही पौलाच्या दृष्टीने कल्पनेतील मूर्ती नव्हती. तो त्याच्या हाकेच्या अंतरावर बसलेला असे, जेवताना, झोपताना आणि पत्र सांगतानाही. आपल्यावर पहारा करणाऱ्याचाच पोशाख घ्यावा, त्यातील इजा करण्याची शक्ती काढून टाकावी आणि तो आपल्या गरीब मंडळीच्या अंगावर चढवावा, हे धाडस मला विलक्षण वाटते.

पौलाने ‘सहसैनिक’ ही पदवी कोणाला दिली हे पाहिले तर त्याच्या मनातला शिपाई आणखी स्पष्ट होतो. फिलिप्पैकरांस पत्रात ती एपफ्रदीत नावाच्या माणसाला दिलेली आहे. या एपफ्रदीताने कोणता पराक्रम केला? बंदिवान पौलाला लागणाऱ्या वस्तू घेऊन तो दूरचा प्रवास करून आला, त्याची सेवा केली आणि त्या कामात आजारी पडून मरता मरता वाचला. एवढेच. तुरुंगात डबा पोहोचविणाऱ्या माणसाला पौल सैनिक म्हणतो आहे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. तुकोबांच्या गाथेत ‘पाइकी’चे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. धन्यासाठी मारा सोसणारा, स्वतःच्या देहाची तमा न बाळगणारा असा पाईक तुकोबांनी भक्तासाठी वापरला आहे. आजूबाजूच्या मुलखात रोज दिसणारा शिपाई त्यांनी घेतला आणि त्याला विठ्ठलाच्या चाकरीला लावले. पौलाने रोममध्ये केले तेच देहूत झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे उद्गार रेव्हरंड ना. वा. टिळकांचे प्रसिद्धच आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. टिळकांना ‘पाईक’ हा शब्द परका वाटला नसता असे मला वाटते.

आता शपथेविषयी थोडेसे. रोमन सैन्यात भरती होताना शिपाई जी निष्ठेची शपथ घेई तिला लॅटिनमध्ये ‘साक्रामेंतुम’ म्हणत. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने हाच शब्द बाप्तिस्म्याला लावला, आणि आपल्या वसईकडील कॅथलिक बांधव ज्याला ‘साक्रामेंत’ म्हणतात तो शब्द तेथूनच आला. बाप्तिस्मा म्हणजे भरती, हा विचार असा पार शब्दाच्या मुळापर्यंत गेलेला आहे.

पण एका माणसाने दोन शपथा कशा घ्याव्यात? इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेवेस्ते या गावी हा प्रश्न माक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणासमोर आला. त्याला सक्तीने भरतीसाठी आणले होते. उंचीचे माप घेतले, आणि शिपायाची खूण म्हणून गळ्यात शिशाचा बिल्ला घालावयाचा तेवढा राहिला. माझ्यावर ख्रिस्ताची खूण आधीच आहे, दुसरी मी घेणार नाही, असे तो सांगत राहिला. अधिकाऱ्याने समजावले की बादशहाच्या खास पहाऱ्यातही ख्रिस्ती शिपाई आहेत. त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. इतरांचा त्याने धिक्कार केला नाही हे मला फार आवडते. त्याचा शिरच्छेद झाला. बापाने भरतीसाठी म्हणून केलेला नवा पोशाख आपला वध करणाऱ्या शिपायाला द्यावा, असे तो शेवटी म्हणाला.

मुक्तिफौजेचा जन्म यानंतर जवळजवळ सोळाशे वर्षांनी झाला. विल्यम बूथ आणि त्यांची पत्नी कॅथरीन यांनी १८६५ साली लंडनच्या पूर्व भागात, दारूचे गुत्ते आणि उपासमार यांनी गांजलेल्या वस्तीत काम सुरू केले. १८७८ साली संस्थेच्या एका अहवालात ‘स्वयंसेवकांची फौज’ असे शब्द होते. बूथ यांनी त्यातला ‘स्वयंसेवक’ खोडला आणि ‘तारण’ हा शब्द घातला, असे सांगतात. ही खाडाखोड लहान दिसते, पण तिच्यात बराच अर्थ आहे. स्वयंसेवक सवडीने येतो आणि सवडीने जातो. शिपायाला सवड नसते. त्यानंतर हुद्दे आले, गणवेश आला, निशाण आले, बँड आला. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने हुद्दे मिळाले, जे त्या काळी इतर चर्चमध्ये अशक्यप्राय होते. सैनिक मरण पावला की त्याला ‘गौरवात बढती’ मिळाली असे म्हणण्याची रीत पडली. थट्टाही पुष्कळ झाली. इंग्लंडमधील अनेक गावांत गुत्तेवाल्यांच्या आशीर्वादाने ‘सांगाड्यांची फौज’ या नावाची टोळकी निघाली आणि त्यांनी मुक्तिफौजेच्या मिरवणुकांवर दगड, घाण आणि सडकी अंडी फेकली.

ही फौज भारतात उतरली ती मुंबईस, १९ सप्टेंबर १८८२ रोजी. पोलीस मोठ्या सैन्याची वाट पाहत होते आणि बोटीतून उतरली चार माणसे, तीन पुरुष आणि एक स्त्री, अशी हकीकत मोठ्या गमतीने सांगितली जाते. त्यांचे प्रमुख फ्रेडरिक टकर हे पूर्वी इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. १८५३ साली मुंगेर येथे जन्मलेला हा इंग्रज पंजाबात मॅजिस्ट्रेटच्या हुद्द्यावर काम करीत असे. मुक्तिफौजेचे एक नियतकालिक हाती पडले, लंडनला जाऊन त्यांनी ती माणसे पाहिली आणि १८८१ साली राजीनामा दिला. पगार गेला, निवृत्तिवेतन गेले. ज्या देशात साहेब म्हणून ते घोड्यावर बसले होते त्याच देशात भगवी वस्त्रे घालून, अनवाणी पायांनी, भिक्षेवर राहू लागले. नावही घेतले फकीरसिंग. पुढे बूथ यांच्या कन्येशी विवाह झाल्यावर ते बूथ-टकर झाले.

मुंबईत वाजतगाजत मिरवणूक काढण्यास सरकारने मनाई केली. शांततेचा भंग होईल ही भीती होती, आणि गोऱ्या माणसाने ‘नेटिवां’चे कपडे घालून रस्त्यावर गावे हेही गोऱ्या मुंबईला रुचले नसावे. मनाई मोडल्याबद्दल खटले झाले, आणि १८८३ साली टकर यांना एक महिन्याची कैद झाली. काल जो खुर्चीवर बसून शिक्षा देत होता तो आज आरोपीच्या पिंजऱ्यात. त्यांच्या बाजूने आवाज उठविणाऱ्यांत ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

दुसरी एक हकीकत त्यांच्या चरित्रात येते. उन्हाळ्यात अनवाणी चालून थकलेले टकर आणि त्यांचा सोबती एका खेड्यात आले. गावाने त्यांना थारा दिला नाही. ते झाडाखाली झोपी गेले. गावकऱ्यांनी जवळ येऊन पाहिले तेव्हा त्यांच्या तळव्यांवर फोड आलेले दिसले. मग गावाने त्यांना जेवण दिले आणि त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले. पौलाच्या यादीत पायांना सुवार्तेची सिद्धता सांगितली आहे, आणि येथे तर पायात काहीच नव्हते! या राहणीची किंमत मात्र जबर होती. इंग्लंडहून आलेली कितीतरी तरुण मुलेमुली उन्हाने व रोगराईने दगावली. त्यागाला आज्ञेचे रूप दिले म्हणजे तो दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतो, हे येथे नोंदविले पाहिजे.

टकर यांच्याविषयी वाचताना मी भारावलो हे खरे. पण वाचून झाल्यावर एका विचाराने मला अस्वस्थ केले, तो येथे प्रांजळपणे मांडतो. सोडण्यासाठी आधी हातात काहीतरी असावे लागते. टकर यांनी आय.सी.एस. सोडली, कारण ती त्यांच्याजवळ होती. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. वडील हंगामी कामगार आहेत, आणि माझ्या पहिल्या पगाराकडे केवळ तेच नव्हे तर धाकटी भावंडेही डोळे लावून बसली आहेत. पौल तीमथ्याला लिहितो की शिपाई संसाराच्या उद्योगात गुंतत नाही. माझ्यासारख्याने हे कसे वाचावे? उद्या मी नोकरी नाकारून भगवी वस्त्रे घातली तर त्याग माझा होईल, पण उपाशी राहील ती आई. गरिबाच्या मुलाला वैराग्याचा उपदेश करणे सोपे असते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या अनवाणीच चालत आल्या, त्याला कोणी त्याग म्हटले नाही. तेव्हा शिपाईपण हे सोडून देण्यातच असेल तर ते साहेबांच्या मुलांसाठी राखीव आहे असे म्हणावे लागेल, आणि तसे ते असेल असे मला वाटत नाही.

फौजेच्या उपमेत आणखी एक धोका आहे, आणि त्याचाही पुरावा याच थोर माणसाच्या चरित्रात सापडतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. १९०८ पासून गोरखपूर येथे, आणि पुढे इतरत्र, अशा लोकांच्या वसाहती सरकारने मुक्तिफौजेच्या हाती दिल्या. आंध्रातील स्टुअर्टपुरम ही त्यांपैकीच एक. टकर यांचा हेतू दयेचा होता. शेती, विणकाम, रेशीम यांचे शिक्षण देऊन माणसांना उभे करावे असे त्यांना मनापासून वाटे. परंतु त्या वसाहतींत हजेरी होती, परवान्याशिवाय बाहेर जाण्यास बंदी होती, आणि पाठीशी सरकारचा कायदा होता. पूर्वी सरकारची मनाई मोडून तुरुंगात गेलेले फकीरसिंग आता सरकारच्या वतीने दाराशी उभे राहिले. येथे झुंज रक्तामांसाच्या माणसांशीच लागली. मी हे कठोरपणे लिहीत असेन, पण ज्यांनी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचले आहे त्यांना जन्माने लागलेल्या शिक्क्याचा अर्थ मी सांगायला नको. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तोवर कवायत शिकविणारे आणि कवायत करावी लागणारे हे दोघेही एकाच प्रभूची गीते गात होते.

मग उपमाच टाकून द्यावी काय? माझा कल काही दिवस तिकडेच होता. मात्र याच चळवळीच्या इतिहासात मला हॅरी अँड्र्यूज भेटले आणि माझे मत बदलले.

अँड्र्यूज हे पोरके मूल. बूथ यांची कन्या एम्मा, म्हणजे पुढच्या सौ. बूथ-टकर, यांनी त्यांना वाढविले आणि ते त्यांच्याबरोबरच भारतात आले. सोडण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच नव्हते, ना घराणे, ना हुद्दा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत नागरकोईल येथे त्यांनी लोकांना औषधपाणी देणे सुरू केले, ते एका न्हाणीघरात. तेव्हा ते पदवीधर डॉक्टरही नव्हते. थोडेसे शिक्षण आणि समोर आलेला रोगी, एवढेच भांडवल. त्या न्हाणीघराचे पुढे कॅथरीन बूथ रुग्णालय झाले. नंतर त्यांनी गुजरातेत आणंद येथील एमरी रुग्णालयात आणि उत्तरेत मुरादाबाद येथे काम केले. आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, मुक्तिफौजेचे जे इव्हँजेलिन बूथ रुग्णालय आहे ते याच परंपरेतील. आमच्या भागातील कितीतरी माणसांना मुक्तिफौज ठाऊक आहे ती बँडमुळे नव्हे, दवाखान्यामुळे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अँड्र्यूज भारतीय वैद्यकीय सेवेत गेले आणि खऱ्या फौजेचे कॅप्टन झाले. १९१९ च्या ऑक्टोबरात ते वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानात खजुरी येथील ठाण्यावर वैद्यकीय अधिकारी होते. ते युद्ध कोणाच्या राज्यासाठी चालले होते हा प्रश्न आहेच, आणि ज्यांच्या डोंगरात ते चालले होते त्यांची बाजूही होती. पण डॉक्टरपुढे त्या दिवशी जो प्रश्न आला तो निराळा होता. २२ तारखेस ठाण्याजवळ एका काफिल्यावर हल्ला झाला आणि माणसे जखमी होऊन पडली असे कळले. अँड्र्यूज ताबडतोब तेथे गेले व त्यांनी मदतीचे ठाणे मांडले. जागा अशी निवडली की जखमींना थोडासा आडोसा मिळावा. त्यांना स्वतःला तो नव्हता. पुढे गोळीबारामुळे जागा बदलावी लागली, तरी मलमपट्टी चालूच राहिली.

याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान, आणि तो त्यांना मिळाला माणसे उचलल्याबद्दल. पौलाने सहसैनिक म्हटलेल्या त्या एपफ्रदीताची मला येथे आठवण झाली.

त्या पदकाबरोबरच्या सरकारी निवेदनात शेवटच्या क्षणांचे वर्णन आहे. जखमींना नेण्यासाठी एक फोर्ड गाडी आली. गोळ्या सुरूच होत्या. अँड्र्यूज एकेक माणूस गोळा करून गाडीत ठेवीत होते. काम पूर्ण झाले, आणि स्वतः आत चढण्यासाठी त्यांनी पाय उचलला तेव्हा त्यांना गोळी लागली. हे मी मित्राला वाचून दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि तेवढा परिच्छेद पुन्हा वाचला. शेवटचा जखमी आत ठेवून झाला होता.